सिस्टरची नऊ नाणी आणि मापाच्या डब्या

गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यामुळे अर्धं गाव सरजाबाईंच्या सुईखालून गेलं होतं. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. नवरा सटवाजीसुद्धा सिस्टर म्हणायचा. पहिली पाच वर्षं चेष्टेनं, पुढं भीतीनं.

सरजाबाईंना दागिन्यांची हौस नव्हती. नोकरीच्या शेवटच्या नऊ वर्षांत मात्र, नोकरीला लागल्याच्या तारखेला, त्या दरवर्षी शुद्ध चांदीचं एक नाणं घेत. मानवतच्या एका सराफाकडून सहा घेतली. तीन परदेशी होती, ती मुलीनं, सुकेशनीनं, पुण्याहून मागवून दिली. नऊही नाणी वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून रबर लावून, पत्र्याच्या पेटीत ठेवलेली होती.

एका रविवारी त्यांनी पेटी उघडली, तर प्रत्येक नाण्यावर रबराच्या जागी काळा पट्टा उमटलेला. सरजाबाईंचं तोंड उतरलं. पण त्याच दिवशी पेडगावला भाचीच्या बाळाचं नाव ठेवायचं होतं, म्हणून पेटी तशीच ठेवून त्या दोन दिवसांसाठी गेल्या.

बायकोचं उतरलेलं तोंड सटवाजीला बघवलं नाही. खासगी ट्रॅव्हल्सच्या गाडीवर पंचवीस वर्षं ड्रायव्हर होता तो. काहीही काळं पडलं की घासायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं लाल दंतमंजन आणि जुना ब्रश घेतला आणि अंगणात बसून तीन नाणी घासली. चौथ्याला मंजन संपलं, म्हणून बाकीची वाचली.

सरजाबाई परत आल्या तेव्हा तीन नाणी ताटलीत ऊन खात पडली होती.

"बग सिस्टर, लय चमकायलेत!"

सरजाबाईंनी चष्म्यावर भिंग धरलं. एका नाण्यावर कोरलेल्या बाईच्या गालावर शंभर ओरखडे होते.

"कशानं घासलं?"

"मंजनानं. मऊच असतंय की. माह्या दातांना काय झालं?"

"तुमची कवळी हाय."

"बरं, पडले वरखडे. चांदी हाय ना आजून? का वरखड्यातून सांडली?"

सरजाबाईंनी ताटली उचलून आत नेली. पुढचे दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. दवाखान्यात सुई टोचण्याआधी त्या अशाच गप्प व्हायच्या, त्यामुळे सटवाजी घरात वावरताना पाठ भिंतीकडं ठेवून वावरू लागला.

तिसऱ्या दिवशी तो बाजारात गेला आणि एका सराफाकडून मऊ प्लास्टिकची नऊ पाकिटं घेऊन आला. "ह्याच्यात ठेव. कुणी हात लावणार न्हाई."

सरजाबाईंनी पाकीट नाकाशी धरलं. "सलाइनच्या नळीचा वास यायलाय. हे मऊ प्लास्टिक उन्हाळ्यात घामेजतं. नाणं चिकट, हिरवं होतंय."

"तुला कसं म्हाईत?"

"सुकेशनीनं सांगितलं. कडक, पारदर्शक डबी पाहिजे. नाण्याच्या मापाची. आत हललं न्हाई पाहिजे."

तीन दिवसांत बायको पहिल्यांदा बोलली होती, ती खडसावायला का होईना. सटवाजी हुरूप येऊन पुन्हा बाहेर पडला. या खेपेला तो एका मेडिकलमधून मलमाच्या रिकाम्या डब्या घेऊन आला. सरजाबाईंनी एका डबीत शर्टाचं मोठं बटण टाकून ती हलवली. खुळखुळ, खुळखुळ.

"पेडगावच्या बाळाला द्या."

मग सटवाजीनं शिंप्याची टेप आणली आणि लांबूनच, हात न लावता, एक नाणं मोजलं. "दीड इंच आसंन अंदाजे."

"अंदाजे? अंदाजे डोस देतेत का कुणाला?"

"मंग काय दवाखान्यात दाखल करू त्याला?"

सरजाबाईंना हसू आलं होतं, पण त्यांनी ते आत नेऊन संपवलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सुती रुमालात बांधलेली दोन नाणी होती, दोन प्रकारची. "चला. कुणाकडं नीट मोजायचं काही हाय का?"

सटवाजीचा तरुण दोस्त नागेश लेथ मशीन चालवायचा. त्याच्याकडं केसाएवढा फरक दाखवणारा व्हर्नियर होता. दोघं स्कूटरवरून त्याच्या वर्कशॉपवर गेले. नागेश कोपरापर्यंत ग्रीसमध्ये बुडालेला होता. सिस्टरला बघताच त्याचा डावा दंड आपोआप आखडला. लहानपणीच्या सगळ्या लसी त्यांनीच टोचल्या होत्या.

"हात धुवून ये," सरजाबाई म्हणाल्या. तो धुवून आला. त्यांनी नखं बघितली आणि परत पाठवला. तिसऱ्यांदा मात्र त्या नळापाशी स्वतः उभ्या राहिल्या.

"ओ सटवाजीमामा, नाणं मोजायचंय का ऑपरेशन करायचंय?" नागेशनं विचारलं.

"मला इचारू नको. माहं आधीच झालंय."

सरजाबाईंनी नाणं फक्त कडेनं धरलं, नागेशनं व्हर्नियर अलगद टेकवला. परदेशी नाणं चाळीस पॉइंट सहा मिलिमीटर निघालं, मानवतचं बरोबर अडतीस. सरजाबाईंनी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि खाली रेघ मारली. नागेशनं चहा विचारला, तर त्याचे हात पुन्हा बघून "नंतर" म्हणाल्या.

सुकेशनीनं पुण्याहून ऑर्डर टाकली: अडतीसच्या सहा डब्या आणि एकेचाळीसच्या तीन. आठवड्यानं पार्सल आलं. सरजाबाईंनी फरशीवर धुतलेलं धोतर अंथरलं, हातमोजे चढवले आणि एकेक नाणं डबीत बसवायला घेतलं. झाकण दाबलं की 'टक' असा आवाज यायचा, आणि आतलं नाणं कितीही हलवा, जागचं हलायचं नाही. काळे पट्टे होते तसेच राहू दिले.

सहा झाली. घासलेली तीन त्यांनी बाजूला सारली.

"ह्यायला कामून न्हाई?" सटवाजीनं विचारलं.

"वरखडे पडलेत. आता काय राखायचं त्याहिचं?"

"वरखडे पडले म्हणून उघड्यावर टाकायचं? मंग मला कामून ठिवलंय घरात?"

सरजाबाईंनी मोजे काढले. एक नाणं कडेनं उचललं. "हे पैलं. हे घेतलं तवा दुकानात तीनदा वजन करायला लावलं व्हतं मी." दुसरं उचललं. "हे सुकेशनी फार्मसीला लागली त्या वर्षीचं. आन हे, तुमाला मालकानं घरी बसवलं त्या वर्षीचं."

घरी बसवलं होतं ते उगाच नाही. सटवाजीनं चाळीस प्रवाशांसकट गाडी रस्ता सोडून मेव्हण्याच्या लग्नाला नेली होती. प्रवाशांना जेवू घातलं होतं, पण तेवढ्यानं मालकाचं समाधान झालं नव्हतं.

"तेबी घासलं का मी?"

"सगळ्यात जास्त."

"मंग बरं झालं की!"

आता मात्र सरजाबाईंना आत जायला वेळ मिळाला नाही. त्या तिथंच, धोतरावर बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "रबर मीच लावलं व्हतं. पेपरबी मीच गुंडाळला. दवाखान्यात दुसऱ्या कुणी आसं केलं आसतं तर मी सोडलं नसतं."

"मी कुटं काय म्हणालो?"

"म्हणाला न्हाई, तेच."

त्यांनी हातमोज्यांची नवी जोडी त्याच्यापुढं टाकली. सटवाजीचे पंजे त्यात मावेनात. एक बोट फाटूनच बाहेर आलं. तरी त्यानं श्वास रोखून तीनही नाणी डब्यांत बसवली. शेवटच्या झाकणाला त्यानं एवढा जोर लावला की सरजाबाईंनी डोळे मिटून घेतले. 'टक' झालं. डबी शाबूत होती.

पेटी लावताना तो म्हणाला, "मला घरी बसवलं त्या वर्षीचं वर ठिव. पेटी उघडली की माही आठवण येईल तुला."

"तुमी दिवसभर समोरच आसता. आठवण यायला जागा कुटं ठिवता?"

असं म्हणून सरजाबाईंनी ती डबी सगळ्यात खाली सरकवली, पेटीला कुलूप घातलं आणि भाकरी टाकायला उठल्या.