अभ्यंकरांना न कळलेली बदली

१९५९ साली आमच्या संशोधन संस्थेत गणकयंत्र एक होतं आणि त्याच्याशी झगडणारे अकरा. दहा जण यंत्राला आकड्यांत हुकूम देत. अकरावा जयवंत साळवी, लालबागच्या चाळीतला. त्याचं म्हणणं, हुकूम शब्दांत द्यावेत आणि शब्दांचा तक्ता असा असावा की ज्याला जो शब्द लागेल तो त्यानं मागाहून भरावा. जुनं काही मोडू नये. शिष्यवृत्ती दोन वर्षं वाढली तर त्याचा प्रबंध पुरा होणार होता. नाहीतर दादरला शाळामास्तर.

वाढवणं डॉ. रघुवीर अभ्यंकरांच्या हाती. त्यांच्या बैठकांची टिपणं मी ठेवत असे. आठ वर्षांत त्यांनी दोघांनाच चांगलं म्हटलं. दोघंही तोवर वारले होते.

"साळवी, तुमची योजना मुळातच चुकली," मुदतवाढीच्या बैठकीत अभ्यंकर म्हणाले. "अनोळखी शब्द आला की यंत्र 'बदली' करतं, असं लिहिलंय. बदली झाली म्हणजे ते दुसरीकडे गेलं. परत कसं येणार? आमच्या वडिलांची धारवाडला बदली झाली, ते तिथंच निवृत्त झाले!"

"ती सरकारी बदली, सर."

"मग तुमची कुठली?"

"गिरणीतली. कामगारानं खाडा केला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, दुसरा उभा करतात, तो बदली. पाळी संपली की तो घरी, साचा पहिल्याचाच. माझे वडील सात वर्षं बदली होते. इथंही तसंच. अनोळखी शब्दाच्या जागी तक्त्यातली ओळ उभी राहते, काम करते आणि यंत्र जिथून गेलं तिथंच परत येतं."

कागदी फितीवर भोकं पाडून यंत्राला हुकूम भरवणाऱ्या मीनाक्षीबाई खुदकन हसल्या. अभ्यंकरांचा आक्षेप तिथं संपला आणि राग सुरू झाला.

"तुमचा संयुक्त महाराष्ट्र चौकात ठेवा. यंत्राला गिरणीची बोली नको. 'प्रतिस्थापन' लिहा."

"तुमचा शब्द तुम्ही भरा ना, सर. ओळ रिकामी आहे. माझा खोडायची गरजच नाही, तक्ता त्यासाठीच तर केलाय."

"भरतोच!"

मीनाक्षीबाईंनी बोटांवर मोजलं. "सर, एका शब्दाला रोमन पाचच अक्षरं मावतात. याची बारा होतात."

"मावतील तेवढी भरा!"

मावलं 'प्रति'. एकदा 'बदली' आणि एकदा 'प्रति' देऊन तेच गणित यंत्रावर चालवलं. उत्तर एकच. अभ्यंकरांनी ते दोनदा हातानं ताडून पाहिलं. चूक सापडेना. माझ्यासमोरचा कागद ओढून त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं:

"योजना चालते. माणूस चालत नाही. मुदतवाढ नामंजूर."

जयवंताचा चेहरा उतरला. मागितलेली दोन वर्षं हातची गेली. कागदाकडे बोट दाखवत तो म्हणाला, "सर, सही राहिली."

अभ्यंकरांनी कागद फाटेल एवढ्या जोरात सही ठोकली.

"याची नक्कल मला मिळते ना?" त्यानं मला विचारलं.

"नियमानं मिळते."

"मग द्या. कलकत्त्याला एक यंत्र उभं राहतंय. 'योजना चालते', खाली डॉक्टर अभ्यंकरांची सही. अर्जाला एवढं पुरे."

अभ्यंकरांचा हात कागदाकडे आला. "इकडे द्या तो!"

"नोंद झाली, साहेब," मी म्हटलं आणि फाईल मिटली.

"आणि दुसरी ओळ?" ते जयवंतावर ओरडले. "माणूस चालत नाही, हे नाही का वाचणार तिथले लोक?"

"वाचू देत की. पहिल्या ओळीवर बोलावतीलच, मग माणूस चालतो का ते मला समोर बसवून त्यांनीच ठरवावं."