पहिल्या सोमवारचा फोन

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला एका इंटरनेट कंपनीतल्या बाई फोन घेऊन बसत आणि बाकीच्या एकेचाळीस कंपन्यांच्या नेटवर्कवाल्यांना एकच प्रश्न विचारत, "आहात ना?" पलीकडून "आहे" आलं की सगळ्यांना वाटलेल्या यादीत खूण, पुढचा नंबर. इंटरनेट म्हणजे एकमेकांच्या शब्दावर चालणारा कारभार. एखाद्या कंपनीच्या यंत्रानं चुकून 'अमक्याकडे जायचा रस्ता माझ्याकडून आहे' असं जाहीर केलं, की बाकीची यंत्रं मुकाट्यानं सगळी माहिती तिकडे धाडतात. अशा वेळी तिथं फोन उचलणारं कुणीतरी हवं, एवढंच बाईंचं म्हणणं.

बावीस वर्षं त्यांनी हाच ध्यास घेतला. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या कंपन्यांना एकत्र आणलं, प्रत्येकाच्या यंत्रात खोटे रस्ते अडवणाऱ्या चाळण्या बसवायला लावल्या. वर नियम घातला: ज्याची चूक त्यानं ती स्वतःच्या नावानिशी सगळ्यांना लिहून कळवायची आणि बाकीच्यांनी दात काढायचे नाहीत. प्रतिस्पर्धी कंपनीतला टकलू इंजिनिअर पहिल्या फोनला म्हणाला होता, "बाई, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?" पुढं तोच सगळ्यात आधी फोन उचलायला लागला.

बाईंच्या निवृत्तीच्या दुपारी साहेबांचं भाषण ऐन रंगात असताना हा टकलू धापा टाकत आत आला. निरोपालाच आलाय असं समजून बाईंच्या नवऱ्यानं त्याला खुर्ची दिली.

"बसायला नाही आलो! अर्धा तास झाला, आमची माहिती तुमच्याकडे येऊन गडप होतेय. यादीतला तुमचा नंबर लागत नाही, मोबाइल बंद!"

मोबाइल नवऱ्याच्या खिशात होता. आजच्या दिवशी तरी कटकट नको म्हणून त्यानंच तो बंद केला होता. यादीतला नंबर मात्र जुन्या इमारतीतला होता, आणि ती सोडून चार वर्षं झाली होती. साऱ्या जगाला फोन करणाऱ्या बाईंनी स्वतःचा नंबर एकदाही लावून पाहिला नव्हता.

बिघाड दहा मिनिटांत सापडला आणि दुरुस्तही झाला. कुणीतरी नव्या यंत्रात चुकीचा रस्ता भरला होता आणि तो अडवणारी चाळणीच जागेवर नव्हती. चार वर्षांपूर्वी जुन्या इमारतीतून सामान हलवताना "आठ दिवसांत परत बसवू" म्हणून ती बाईंनीच काढायला लावली होती.

"'तांत्रिक अडचण' म्हणून दोन ओळी पाठवा," साहेब हळूच म्हणाले. "जाता जाता नावाला बट्टा कशाला?"

बाईंना मोह झाला, खोटं कशाला सांगायचं. पण त्यांनीच गुळमुळीत लिहिलं, तर उद्या खरं कोण लिहील? बावीस वर्षं पाण्यात गेली असती. त्या खाली बसल्या आणि त्यांनी लिहिलं, "चूक माझी. चाळणी मी काढायला लावली आणि परत बसली का ते पाहिलं नाही. नंबरही मीच बदलला नाही." खाली नाव घातलं आणि केक न खाताच घरी गेल्या.

उत्तर एकाचंही आलं नाही. दात कुणी काढले नाहीत, पण तोंडही उघडलं नाही. बाईंना ते फार लागलं.

पहिला सोमवार उजाडला. दहा वाजता बाई सवयीनं फोनजवळ बसल्या आणि करायचं काय ते सुचेना. तेवढ्यात फोनच वाजला.

"आहात ना?" टकलूचा आवाज.

"आहे," बाई कशाबशा म्हणाल्या.

"तुमचं पत्र वाचून आम्ही सगळ्यांनी आपापल्या चाळण्या तपासायला घेतल्या. माझ्याकडे तीन जागच्या गायब! आता सगळ्यांना लिहायला बसलोय, नावानिशी. सुरुवात कशी करू हो?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"'चूक माझी' इथून कर," त्या म्हणाल्या. "आणि आधी यादीतला स्वतःचा नंबर तपास."