उपकार, थँक्यू आणि तो मेला अंगठा

मी एक जुनं कानयंत्र आहे, आणि मित्रांनो, आता जे सांगणार आहे त्यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. समोर काकू बटणं निवडत बसल्या आहेत. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

माझा जन्म कारखान्यातला. तपासणीच्या दिवशी मी तीन भिंतींपलीकडच्या मुंगीचा खोकला ऐकला, म्हणून साहेबांनी मला मखमली डबीत बसवलं. तिथून मी आलो शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या उजव्या कानात. काकू म्हणजे त्यांची बायको. आयुष्यभराच्या खडखडाटाने मिस्त्रींचे कान पार गेले होते.

काय दिवस होते ते! अडलेलं मशीन चालू झालं की शिंपी म्हणायचा, "मिस्त्री, फार उपकार झाले हो!" तो शब्द एवढा वजनदार, की मी कानातून निसटून खांद्यावर पडायचो. मिस्त्री लाजून म्हणायचे, "उपकार कसले, तेलच तर घातलं." पुढे लोक "आभारी आहे" म्हणू लागले. मग आलं "थँक्यू". आधी मला वाटलं, कोणी शिंकलं. पण "थँक्यू हं, काका" यातला तो 'हं' गोड होता. मी सवय करून घेतली. शब्द कोणताही असो, माझ्याच दारातून आत जात होता ना!

मग मुलाने मोबाईल आणून दिला.

आता दुरुस्त झालेलं मशीन न्यायला गिऱ्हाइकाच्या घरातलं कोणीही येतं, आणि आभार मागाहून काचेवर उमटतात. एक पिवळा अंगठा! कधी जोडलेले हात. आवाज नाही की श्वास नाही. मिस्त्री मात्र हरखून जात. "अगं, बघ तरी, आज दोन फुलंसुद्धा आली!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या काचेला पुसायला मऊ फडकं, टेकायला खास स्टँड. मला मात्र बनियनचं टोक. एकदा रागाने मी अशी शिट्टी घातली की रस्त्यावरच्या अकरा गाड्या जागच्या जागी थांबल्या. झालं उलटंच. "आता हे कशाला? सगळं दिसतंच की," म्हणत मिस्त्रींनी मला खणात टाकलं, मोडक्या सुयांच्या शेजारी. अडगळ होणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

पण काल माझा दिवस आला. शिवणकाम करणारी एक बाई दुरुस्त झालेलं मशीन न्यायला स्वतः आली. मिस्त्रींनी घाईघाईने मला काढून कानात घातलं. बाई अगदी हळू म्हणाली, "दादा, ह्या मशीनवर माझं घर चालतं. तुम्ही होतात म्हणून निभावलं." त्या मोबाईलला यातलं ओ की ठो कळलं नाही. मी मात्र एकेक शब्द, तिच्या आवंढ्यासकट, आत पोचवला. मिस्त्रींचे डोळे भरून आले. त्यांनी मोबाईल पालथा घातला.

म्हणून सांगतो मित्रांनो, आभार तोंडाने माना, आणि जुन्या कानयंत्राला कधी खणात...

"ए शहाण्या!" काकूंनी बटणांतून मान वर केली. "काय पोचवलंस रे तू? तुझी बॅटरी महिनाभर ह्या बटणांत पडलीय. ही बघ! त्या बाईने ह्यांचे दोन्ही हात धरले, ह्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि सगळं ऐकलं."