उतरताना एक जास्त

मित्रांनो, मी एका उंच शिखराचा जुना रक्षक आहे. हजारो जीव माझ्या भरवशावर ढगांपलीकडे गेले आणि सुखरूप खाली आले. इतकं बोलल्यावर आता सांगायला हवं की मी माणसं मोजायचा खटका आहे. मुठीत मावतो. अंगठ्याने दाबलं की टिक होतं आणि तोंडावरचा आकडा एकाने वाढतो. बाजूचा कान पिळला की पुन्हा शून्य. माझं शिक्षण एवढंच.

कारखान्यातून मी दोनशे भावंडांबरोबर एकाच खोक्यात निघालो. बाकीची नाट्यगृहांच्या, संग्रहालयांच्या दारांवर लागली. माझ्या वाट्याला डोंगर आला. शेवटच्या चढाखाली एक दगडी दार आहे आणि दाराला लागून वाटाड्याची खोली. खोलीत स्टोव्ह, भिंतीवर पाटी, कोपऱ्यात कायम ओले बूट. सकाळी वाटाड्या दारापलीकडे उभा राहून वर जाणाऱ्यांना मोजायचा, आकडा पाटीवर लिहायचा आणि माझा कान पिळायचा. दुपारी उतरताना पुन्हा मोजणी.

उतरताना एक जास्त यायचा.

रोज. चौदा गेले की पंधरा. तीस गेले की एकतीस. जुन्या वाटाड्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा त्याने मला नव्याच्या हातात ठेवलं.

"उतरताना एक वाढतो," तो म्हणाला. "चेहरे बघत बसू नकोस."

"कोण वाढतो?"

"ते विचारत बसलो असतो तर इतकी वर्षं नोकरी झाली असती का?"

नवा वाटाड्या तेव्हापासून मान खाली घालून फक्त बूट मोजू लागला. बाकी माणूस कामाचा. वर लोकांना तो गुडघ्याएवढी झाडं दाखवी, शंभर वर्षांची, वाऱ्याच्या बाजूला एकही फांदी नसलेली. दगडफुलाचा तळहाताएवढा डाग दाखवून म्हणे, "हा तुमच्या पणजोबांहून थोरला आहे, याच्यावर बसू नका." लोक बसत. शेवटी तो सांगे, "सूर्य पाठीशी असला आणि समोर धुकं असलं, की आपलीच सावली धुक्यावर उभी राहते. डोक्याभोवती रंगांचं कडं दिसतं. घाबरायचं नाही."

एका दिवशी बावीस जण वर गेले. त्यांत दोघी बहिणी होत्या. धाकटीजवळ भिंग होतं. तो सावलीचं सांगत होता तेव्हा ती दगडावर ओणवी होती. दुपारी धुकं चढलं, तशी त्याने सगळ्यांना घाईने खाली आणलं. दाराशी बूट मोजले. टिक, टिक. शेवटची टिक झाली आणि त्याने मला डोळ्यांजवळ नेलं.

बावीस.

"आज नाही आला," तो स्वतःशीच म्हणाला. पाटीवर बावीसखाली त्याने ठळक अक्षरांत बावीस लिहिले. इतका आनंदी मी त्याला कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात थोरली दारात आली. "आमची धाकटी कुठाय? मला वाटलं पुढे गेली."

"असेल इथेच, ताई. आकडा जुळलाय. बावीस गेले, बावीस आले."

"आकडा घेऊन मी काय करू? बहीण दे." मग ती माझ्याकडे बघत राहिली. "शेवटचं कुणाला मोजलंस?"

"शेवटी मीच येतो."

"आणि चढताना स्वतःला मोजतोस?"

मित्रांनो, वर्षानुवर्षं ज्याच्या भीतीने त्याने मान वर केली नव्हती, तो एक जास्त म्हणजे तो स्वतः होता. उतरताना दाराच्या चौकटीतून पाय बाहेर पडला की त्याचा अंगठा आपोआप दाबला जाई. जुन्याचाही तसाच.

तो धावत वर गेला. मी मुठीतच राहिलो, कान न पिळलेला, तोंडावर बावीस. धुक्यात हाक दहा पावलांवर विरत होती.

धाकटी एका खडकाआड बसली होती, शांत.

"बाई, हाका ऐकू आल्या नाहीत?"

"आल्या की. पण तुम्ही इथेच होतात ना? समोर उभे. मी हात केला की हात करत होतात. म्हटलं, माणूस सोबत आहे तर कशाला घाई."

"ती तुमची सावली, बाई. सकाळी सांगितलं होतं."

"ऊन कुठाय?" ती म्हणाली.

ऊन नव्हतं. ते गेल्याला बराच वेळ झाला होता. ती ज्या बाजूला बघत होती, त्या बाजूला तो बघेना. तिचा हात धरून तिला खाली घेऊन आला. दारातून ती बाहेर पडली तशी त्याने मला एकदा दाबलं, मग मुद्दाम अंगठा बाजूला धरून स्वतः बाहेर पडला. माझ्यावर तेवीस असायला हवे होते.

चोवीस होते.

दुसऱ्या दिवसापासून तिथे नावं घेऊन मोजतात, चेहरा बघून. मला खणात टाकलं. म्हणून विनवतो, मित्रांनो, माणसाला मोजण्याआधी त्याच्याकडे एकदा बघा, आणि जुन्या वस्तूला अधूनमधून तेल घाला. वर्षभराने दुरुस्तीवाल्याने मला उघडलं. वाटाड्या दारातच उभा राहिला, आत येईना.

स्प्रिंगखाली वाळूचा एक कण निघाला, एका दाबात दोन टिक करायला पुरेल एवढा.