लंकाबाईंच्या गालावरची चौकट

कॅन्सरवर किरण देणारं कोबाल्टचं मशीन आमच्या दवाखान्यात आलं तेव्हा त्याच्या वजनानं नगरचा किल्ला बोटभर खचला, हे मी आजही सांगतो. बहात्तर साली मी त्या मशीनवर काम शिकत होतो. थापा मारायला मात्र कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तिसगावच्या लंकाबाईंच्या गालात कॅन्सरची गाठ होती. वय सत्तरीचं. तीस दिवस नेमके त्याच जागी किरण द्यायचे, म्हणून मला शिकवणाऱ्या आप्पासाहेबांनी गालावर जांभळ्या शाईची चौकट काढली. "आजींना नीट समजाव," म्हणाले आणि आत गेले.

मी समजावलं. "आजी, रेघ पुसली तर मशीन चवताळतं. राहुरीच्या एका बाईची पुसली, तर किरण कानातून शिरून भिंतीपल्याडची शेळी भाजली!"

आजी हसल्या नाहीत. "आगं बया!" एवढंच म्हणाल्या.

बारा दिवस झाले आणि रविवारला जोडून दोन दिवस त्या गावी गेल्या. बुधवारी उगवल्या तर गाल भोपळ्यासारखा, पू धरलेला. बाजारात बसलेल्या गोंदणारणीकडून चौकट गोंदून घेतली होती. किरणांनी आधीच हुळहुळ्या झालेल्या कातडीवर सुया!

"आता धुतली तरी जात न्हाई, बन्सी," त्या सुजल्या तोंडानं म्हणाल्या. "सांग तुज्या मशीनला."

डॉक्टरांनी किरण थांबवले. जखम भरायला तीन आठवडे.

आप्पासाहेब ओरडले नाहीत. "गोष्टी पोरांना सांगायच्या. म्हातारं माणूस घाबरलं की विचारत नाही, बन्सी. आपल्या परीनं उपाय करून येतं."

तीन आठवडे मी एकही थाप मारली नाही. बायकोनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

आजी आल्या. जखम सुकली होती, पण गाठ गोंदलेल्या हिरव्या चौकटीबाहेर दोन बोटं सरकली होती. आप्पासाहेबांनी शाई माझ्याच हातात दिली. मी मोठी चौकट काढली.

"ही पन गोंदायची का?"

"नाही, आजी."

"आन् पुसली तर?"

"काही होत नाही. मला सांगायचं, मी परत काढीन."

"येवढंच?"

"एवढंच."

"मंग तवाच का न्हाई सांगितलंस, बाबा?"

मशीनखाली निजवताना मी त्यांचा हात धरायला गेलो. त्यांनी तो पदराखाली ओढून घेतला.