जबड्याचा रियाज

घरात डॉक्टर असला, तरी घरचे आधी मोबाइललाच विचारतात, हा अनुभव तुम्हालाही असेल. दातांच्या डॉक्टर असलेल्या एका सूनबाईंना तो नाश्त्याच्या टेबलावर आला. सासूबाईंचं तोंड बोटभर उघडून तिथेच अडकलं! सासूबाई गाणं शिकवायच्या, आणि येत्या रविवारी विद्यार्थिनींबरोबर बऱ्याच वर्षांनी स्वतः गाणार होत्या.

चौकशीत सगळं बाहेर आलं. चावताना जबडा दुखायचा, म्हणून त्यांनी एक व्हिडिओ पाहिला होता. तोंड जोर लावून उघडा, कट्ट आवाज आला की सांधा मोकळा झाला, असं त्यातला हसरा तरुण सांगत होता. सासूबाईंनी त्याचा रियाजच धरला. रोज पहाटे, ताल धरून, मात्रेमात्रेला कट्ट. मेहनतीने गळा तयार होतो, मग जबडा का नाही होणार?

सूनबाईंनी हलक्या हाताने सांधा तपासला, शेक दिला, आठवडाभर मऊ खायचं आणि गायचं नाही, असं बजावलं. मग मात्र त्यांचा पारा चढला. जबड्याच्या व्यायामांची माहिती त्यांनी स्वतः दवाखान्याच्या वेबसाइटवर लिहिली होती. ती घरच्याच माणसाने वाचू नये?

"वाचली गं," सासूबाई अर्धवट उघड्या तोंडाने सावकाश म्हणाल्या. "'अधोहनूचे वेदनामर्यादेतील नियंत्रित चालन' म्हणजे काय, ते शेवटपर्यंत उमगलं नाही. तुझं बरोबर होतं, पण मला कळलं नाही. त्या व्हिडिओवाल्याचं चुकीचं होतं, पण लगेच कळलं."

"मग मला विचारायचं ना, आई."

"एवढंही कळत नाही म्हणायची लाज वाटली."

असे किती पेशंट लाजेने मान डोलावून गेले असतील, या विचाराने सूनबाईंना वाईट वाटलं. दुपारी त्यांनी सगळं नव्याने लिहायला घेतलं. सासूबाई शेजारी बसून अडेल त्या शब्दावर बोट ठेवत होत्या. शेवटी उरलं ते असं: 'दुखायच्या आत थांबा. मुद्दाम आवाज काढू नका. तोंड अडकलं, तर व्यायाम बंद करून डॉक्टरकडे जा.' खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख.

रविवारी सासूबाई पहिल्या रांगेत बसून नुसता हाताने ताल देत होत्या. त्यांचं गाणं हुकलं ते हुकलंच.

मंडळी, मोबाइलवरचा उपाय करण्याआधी तो कोण सांगतंय ते बघा. आणि जाणकारांनो, नुसतं खरं लिहून तुमचं काम संपत नाही. ते आपल्या घरच्यांना तरी कळतंय का, हे एकदा विचारून बघा.