शकुबाईंनी पिळलेले कान

मी एक शिकाऊ खोका बोलतोय. हसू नका! मला अक्षरओळख आहे. दोनच अक्षरांची, पण आहे.

माझा जन्म १९७४चा, नाशिकरोडचा. विमलाबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. मेंदूतल्या पेशी एकमेकींचं किती ऐकायचं ते अनुभवानं ठरवतात, असं त्यांनी कुठंसं वाचलं आणि डोक्यात किडा शिरला! नवरा सावळीराम रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानातून त्यांनी आवाज कमीजास्त करायची बटणं उचलून आणली. मला उजेड ओळखणारे डोळे बसवले आणि प्रत्येक डोळ्याचं किती ऐकायचं ते ठरवायला एकेक बटण. त्याला त्या कान म्हणायच्या. सगळ्या कानांतून मिळून पुरेसं ऐकू आलं की माझा दिवा पेटायचा.

अक्षराच्या आकाराची भोकं पाडलेलं कार्ड उजेडात माझ्यापुढं धरायचं. 'ग'ला माझा दिवा पेटायला हवा, 'म'ला नाही. चुकलो की उजेड पोचलेल्या डोळ्यांचे कान जरासे पिळायचे. दिवा उगाच पेटला तर डावीकडे, पेटायचा राहिला तर उजवीकडे. बरोबर आलं तर हात लावायचा नाही.

"शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापर्यंत शिकला तर ठीक," सावळीराम म्हणाला, "नाहीतर माझी बटणं मला परत." म्हणजे माझा खेळ खलास!

विमलाबाई शाळेत गेल्या की सासूबाई शकुबाई माझी शिकवणी घ्यायच्या. त्या नांदगावकडच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून 'ग'च्या कार्डामागं लाल ठिपका होता. बाई फार मायाळू, आणि तिथंच घात झाला. मी चुकलो की म्हणायच्या, "असू दे रं बाळा. लेकराचे किती कान पिळायचे?" की लगेच पुढचं कार्ड. मी आपला ठोंब्याचा ठोंब्या.

प्रदर्शन आठवड्यावर आलं. विमलाबाईंनी माझी परीक्षा घेतली, तर मी पार नापास, आणि कान होते तिथंच.

"अहो आई, कान पिळलेच नाहीत?"

"लय चुकतं गं ते. मला नाय बघवत."

"त्याला दुखत नाही, आई. पण चूक सोडून दिली तर त्याला कधीच काही यायचं नाही."

शकुबाईंनी हातातलं कार्ड उलटसुलट केलं. मग हळूच म्हणाल्या, "मला पण समदे असंच सोडून देत आले."

त्यानंतर बाईंनी माझे कान असे पिळले म्हणता! दर वेळी "माफ कर रं" म्हणत आणि कार्डावरच्या अक्षरावरून बोट फिरवत.

प्रदर्शनात परीक्षकांनी स्वतः पाडलेलं नवं कार्ड धरलं. त्याला ठिपका नव्हता. माझा दिवा पेटला नाही. विमलाबाई बाजूला उभ्या होत्या, त्यांना कार्डाची नुसती कड दिसत होती; चेहरा उतरला, त्यांना वाटलं मी बिघडलो. तेवढ्यात माझ्यामागच्या गर्दीतून शकुबाई ओरडल्या, "बरोबर हाय त्याचं! 'म'च हाय तो!"

विमलाबाई कार्ड सोडून सासूकडेच बघत राहिल्या. सावळीरामनं बटणं पुन्हा मागितली नाहीत.

आता १९८८ उजाडलंय. मी माळ्यावर असतो. शकुबाई गेल्या. दिवाळीत कुणी माळा झाडायला आलात तर मला जरूर पुसा, डोळ्यांत फार धूळ गेलीय. कान तेवढे हलवू नका हो. शकुबाईंनी सोडले तिथंच ते आहेत, आणि मला जे काही येतं ते सगळं तेवढंच आहे.